गच्चीवरची टाकी आणि नळाला जोडलेलं एस्प्रेसो मशीन: लाइनचं प्रेशर स्थिर कसं ठेवायचं?

गच्चीखाली
नमस्कार मंडळी. आमच्याकडे दोन बॉयलरचं, रोटरी पंपाचं, ई६१ ग्रुपचं (ग्रुप म्हणजे कॉफी जिथून पडते तो दांडीवाला भाग) मशीन आहे. घरात कॉफी पिणारी चार माणसं, सकाळी सगळ्यांना एकदमच हवी असते. मशीनची टाकी सारखी भरत बसायला नको म्हणून मशीन थेट नळाच्या लाइनला जोडून घेतलं. राहतो पार्ल्याला, सात मजली इमारत, आमचा सातवा. वर गच्ची, गच्चीवर सोसायटीची टाकी.

टाकीच्या पाण्याला आमच्या मजल्यावर जोर नाही. ज्यांच्याकडून मशीन घेतलं त्यांच्या माणसाने सिंकखाली प्रेशर स्विचवाला छोटा बूस्टर पंप बसवून दिला. तेव्हापासून त्याच बिया, तेच दळण, तेच १८ ग्रॅम, पण पहिला शॉट (एका वेळची कॉफी) ९ बारला (बार हे प्रेशरचं माप) आणि दुसरा साडेदहाला. कधी कधी शॉट चालू असतानाच काटा खालीवर होतो, आणि त्याच वेळी सिंकखाली पंप टक टक करत चालू-बंद होत असतो. माणसाला फोन केला तर म्हणतो, "मॅडम, रेग्युलेटर लावा, होऊन जाईल." इंग्रजी ग्रुपांवर वाचलं तर सगळे म्हणतात, मेन लाइनला चार-पाच बार असतात, ते रेग्युलेटरने तीनवर आणा. आपल्याकडे ते चार-पाच बार आहेत कुठे? नुसता रेग्युलेटर लावून भागेल का?

कोरा_चहा
माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे. मशीनला स्वतःची टाकी आहे ना? मग एवढा खटाटोप कशासाठी?

गच्चीखाली
@कोरा_चहा, टाकीवर मशीन छान चालतं, तक्रार नाही. पण आमची टाकी वरून भरायची आहे आणि ओटा कपाटाखाली येतो. दर वेळी मशीन पुढे ओढावं लागतं, ते तीस किलोच्या आसपास आहे. सासरे एकटे असले की त्यांना ते जमत नाही. शिवाय पावसाळ्यात टाकीच्या तळाशी बुळबुळीत थर धरतो, तो घासत बसावं लागतं. आणि लाइनला जोडल्यावर ई६१ची दांडी अर्ध्यावर धरली की पंप न लावता नुसत्या लाइनच्या प्रेशरने कॉफी भिजते, ती चव मला मनापासून हवी आहे.

बंबवाला
इमारतींच्या प्लंबिंगचं काम आयुष्यभर केलं आहे आणि कॉफीची आवडही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. नुसत्या रेग्युलेटरने भागणार नाही. रेग्युलेटर प्रेशर कमी करतो, वाढवत नाही. मागून दोन बार येत असताना तो तीनवर लावला तर पुढे दोनच मिळणार. म्हणून तो लाइनच्या सगळ्यात कमी प्रेशरच्याही खाली लावायचा, आणि ते कमीत कमी प्रेशर पाणी वाहत असताना मोजायचं. नळ बंद असताना गेज जो आकडा दाखवतो त्यावर कधीच विसंबू नये. अर्धवट चोंदलेल्या फिल्टरपुढेसुद्धा बंद नळाचं प्रेशर पूर्ण दिसतं. नळ उघडला की खरं काय ते कळतं.

आता मुंबईचं. परदेशातल्या सल्ल्यात महापालिकेची लाइन चोवीस तास भरलेली आणि थेट स्वयंपाकघरापर्यंत आलेली असते. आपल्याकडे पालिकेचं पाणी विभागवार ठरलेल्या वेळी सुटतं, सोसायटीच्या तळटाकीत पडतं, तिथून पंपाने गच्चीवर जातं आणि डाउनटेकने (खाली येणाऱ्या पाइपाने) घरात उतरतं. त्यामुळे तुमच्या घरातलं प्रेशर पालिका ठरवत नाही, गच्चीवरच्या टाकीतली पाण्याची पातळी ठरवते. हिशोब सोपा आहे: दहा मीटर उंचीला साधारण एक बार (प्लंबर लोक एक किलो म्हणतात, फरक नगण्य). तुमच्या ओट्यापासून टाकीतलं पाणी चारेक मीटर वर असेल, म्हणजे ०.४ बार. टाकी तळाला गेली की त्याहून कमी. तुमच्याच इमारतीत तळमजल्यावर दोन-सव्वादोन बार मिळत असणार. तिथे पंपच लागला नसता.

मग काटा का नाचतो? तुमच्या मशीनमधला रोटरी पंप स्वतःहून ९ बार तयार करत नाही. त्याच्या बायपासमध्ये स्प्रिंग असते, ती पंपात शिरणारं आणि पंपातून निघणारं पाणी यांच्या प्रेशरमधला फरक धरून ठेवते. दोन बार आत येत असताना स्क्रू फिरवून ९ लावले असतील, तर पंप सात बारांची भर घालतो आहे. आत साडेतीन आले की तोच पंप साडेदहा देणार. तुमचे आकडे नेमके हेच सांगतात: बूस्टरचा स्विच २ ला चालू होतो आणि साडेतीनला बंद. पाणी दाबलं जात नाही आणि त्या छोट्याशा पाइपात साठवण काहीच नाही. म्हणून थोडं पाणी घेतलं की प्रेशर धाडकन पडतं, पंप चालू होतो, लगेच साडेतीनला पोहोचतो, बंद होतो. तीच तुमची टकटक. पंपाचा स्विच आणि मोटर दोन्ही याने लवकर जातात.

उपाय: बूस्टरनंतर प्रेशर टँक, त्यानंतर रेग्युलेटर. प्रेशर टँक म्हणजे आत रबरी पिशवी आणि भोवती हवा असलेली बंद टाकी. हवा दाबली जाते, त्यामुळे पाणी घेतल्यावर प्रेशर हळूहळू उतरतं. आरओच्या दुकानात आठ-दहा लिटरची मिळते. पण ती येते तेव्हा हवा फार कमी असते, सात पीएसआयच्या, म्हणजे अर्ध्या बारच्या आसपास. ती तशीच लावली तर उपयोग अर्धा होतो. टाकी रिकामी असताना हवा बूस्टर चालू होण्याच्या आकड्याहून थोडी कमी ठेवायची. तुमच्याकडे २ बारला चालू होतो, तर हवा १.८ बार, म्हणजे २६ पीएसआय. टाकीच्या बुडाशी स्कूटरच्या ट्यूबसारखाच वॉल असतो. पायपंप आणि टायरचा गेज चालतो. आधी दुकानदाराकडून टाकीची कमाल प्रेशरची मर्यादा मात्र विचारून घ्या.

एवढं केलं की आठ लिटरच्या टाकीतून, साडेतीनपासून दोनपर्यंत उतरताना, जवळजवळ अडीच लिटर पाणी मिळतं. एका शॉटला, आधीचं फ्लश धरून, पाव लिटरही लागत नाही. सकाळच्या सगळ्या कॉफ्या बूस्टर एखादवेळी चालू होऊन निघतील. मग पुढे रेग्युलेटर दीड बारला लावा. मागे दोन असो की साडेतीन, मशीनला दीडच मिळेल. शेवटी ग्रुपमध्ये आंधळी (बिनभोकांची) बास्केट लावून मशीनच्या पंपाचा स्क्रू पुन्हा ९ वर आणा, कारण पाया बदलला की वरचा आकडाही बदलतो.

परळ_टॉवर
बंबवाला काका, सलाम. माझी अडचण उलटी आहे. टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर राहतो, वर अजून बरेच मजले आहेत. सोसायटीने काही मजल्यांमागे एक पीआरव्ही (प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह) बसवला आहे, तरी आमच्याकडे सव्वाचार बार येतं. मशीनमागे स्वतःचा रेग्युलेटर लावून अडीचवर आणलं. शॉट चालू असताना गेज अडीचवर ठाम असतो. पण सकाळी उठून बघतो तर गेज चारवर. पहिला शॉट घेतला की परत अडीच. हे काय आहे?

बंबवाला
@परळ_टॉवर, याची दोन कारणं असू शकतात, आणि ती वेगळी ओळखता येतात.

एक, रेग्युलेटरची सीट. आत रबराची चकती पितळी कडेवर बसते. तिथे वाळूचा एक कण अडकला किंवा रबर झिजलं की पाणी थेंबाथेंबाने पुढे झिरपत राहतं. वापर चालू असताना कळत नाही, रात्रभर नळ बंद असला की पुढचं प्रेशर चढत चढत मागच्याएवढं होतं. दोन, मशीन तापताना आतलं पाणी प्रसरण पावतं. मशीनचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा) गळत असेल तर ते प्रेशर उलटं लाइनमध्ये येतं.

रात्री मशीन बंद करून थंड होऊ द्या, एक शॉटभर पाणी काढून गेज अडीचवर आणा, रेग्युलेटरमागचा कॉक उघडा ठेवा. सकाळी, मशीन लावायच्या आधी, गेज चढलेला असेल तर दोष रेग्युलेटरचा. चढलेला नसेल तर कॉक बंद करून मशीन तापवा. आता चढला तर पाणी मशीनकडून येतं आहे.

परळ_टॉवर
केलं. मशीन थंड असतानाच चढलं. रेग्युलेटर उघडला तर चकतीत पांढरा खडा रुतलेला, तांदळाच्या कणीएवढा. बहुतेक टाकीच्या सिमेंटचा. बोट फिरवलं तर रबरावर खाच लागते. नवीन चकती मागवली आहे. पण माझ्या इन्स्टॉलरने रेग्युलेटर सगळ्यात आधी आणि फिल्टर नंतर लावले होते. तोच क्रम बरोबर असं ठामपणे सांगितलं होतं.

बंबवाला
टॉवरमध्ये त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. सोसायटीचा पीआरव्ही बिघडला तर तुमच्या मजल्यावर एकदम सहा-सात बार येऊ शकतात आणि प्लास्टिकच्या फिल्टर हाउसिंगला तडा जातो. म्हणून रेग्युलेटर आधी. पण त्याच्याही आधी वाय-स्ट्रेनर हवाच, पितळी, आत जाळीवाला. तो शंभरेक मायक्रॉनच्या आसपासचा कचरा अडवतो, खडा सीटपर्यंत जातच नाही. दोन-अडीचशे रुपयांची वस्तू लोक गाळतात आणि महागडा रेग्युलेटर घालवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

गच्चीखालींच्या घरी क्रम वेगळा. तिथे फिल्टर आधी, रेग्युलेटर नंतर. फिल्टर जसजसा भरतो तसं त्याच्यापुढचं प्रेशर पडतं. रेग्युलेटर त्याच्यापुढे असला की ती घट काही काळ तो झाकून घेतो आणि मशीनला फरक जाणवत नाही. मात्र बारीक फिल्टर बूस्टरच्या ओढणाऱ्या बाजूला लावू नका. मागे फक्त ०.४ बार आहे, फिल्टर चोंदला की पंप पाण्याऐवजी पोकळी ओढतो आणि करकरतो. त्या बाजूला फक्त जाळी, बारीक फिल्टर बूस्टरनंतर.

भाडेकरू
मी भाड्याच्या घरात राहतो, मालक भिंतीला हात लावू देणार नाही. माझ्याकडे जुन्या आरओचा २४ व्होल्टचा बूस्टर पडून आहे, ७५ जीपीडीचा. २० लिटरच्या कॅनमधून त्याने मशीनला पाणी देता येईल का?

बंबवाला
थेट देऊ नका. ७५ जीपीडी म्हणजे दिवसाला ७५ गॅलन, सुमारे २८४ लिटर. मिनिटाला २०० मिलिलिटरही पडत नाही. ग्रुप भरताना किंवा वाफेचा बॉयलर पाणी घेताना मशीनचा रोटरी पंप याहून जास्त मागतो, आणि पाणी कमी पडलं की तो कोरडा घासतो. आतल्या कार्बनच्या पट्ट्यांना पाण्याचंच वंगण असतं, कोरडा फिरला की थोड्या वेळात खराब होतो.

मध्ये प्रेशर टँक टाकलात तर चालेल. मधल्या वेळात छोटा पंप टाकी सावकाश भरत राहील, मशीन टाकीतून घेईल. मात्र ठरलेल्या प्रेशरला पंप बंद करणारा स्विच लावावाच लागेल. सोपा मार्ग म्हणजे स्वतःचा प्रेशर स्विच असलेला डायफ्रॅम पंप. कॅनमध्ये फ्लोट स्विच सोडायला विसरू नका, म्हणजे कॅन संपला की पंप थांबेल. घर सोडताना सगळं उचलून नेता येतं.

रसायनी
प्रेशरवर उत्तम लिहिलं आहे सगळ्यांनी. मी पाण्याबद्दल सांगते, कारण मशीन लाइनला जोडलं की पाण्यावरचं आपलं लक्ष उडतं. टाकी भरताना आपण निदान ते बघतो तरी.

मुंबईचं पाणी विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, भातसा, मध्य आणि ऊर्ध्व वैतरणा या तलावांचं. पावसाचं साठवलेलं पाणी, त्यामुळे मुळातच मृदू. क्षार कमी, बॉयलरमध्ये चुना बसायची भीती कमी. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या जुन्या मानकात टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ७५ ते २५०, कॅल्शियम हार्डनेस (चुन्याचं प्रमाण) १७ ते ८५ आणि अल्कलिनिटी (आम्ल मारायची पाण्याची ताकद) ४० च्या आसपास, सगळं मिलिग्रॅम प्रति लिटर, असे आकडे आहेत. आपलं तलावाचं पाणी बऱ्याचदा याच्या खालच्या टोकाला बसतं. क्लोरीन मात्र शून्य हवा, त्यासाठी कार्बन ब्लॉक (कोळशाचा फिल्टर) लावा.

खरा धोका टँकरचा. एप्रिल-मे महिन्यात सोसायटीने टँकर मागवला आणि तो बोअरवेलचा निघाला, तर त्याच नळाला एकदम कठीण पाणी येतं. मशीनला ते कळत नाही, ते निमूट पाणी घेत राहतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टँकरचा मेसेज दिसला की मशीनचा कॉक बंद करा आणि त्या दिवसांपुरतं मशीनच्या टाकीवर जा. टीडीएस मीटर बदल झाल्याचं सांगतो, पण तो बदल चुन्याचा की मिठाचा हे सांगत नाही. मत्स्यालयाच्या दुकानात हार्डनेसचं थेंबांचं किट मिळतं. नळीत पाणी घ्यायचं, रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे. तेच वापरा.

आणि कृपा करून आरओचं नुसतं पाणी मशीनला देऊ नका. एक तर ते धातूला खातं. दुसरं म्हणजे बॉयलरमधली पातळी ओळखणारी सळई पाण्यातून वीज वाहते की नाही यावर चालते. क्षार नसलेल्या पाण्यातून पुरेशी वीज वाहत नाही, मग मशीनला वाटतं बॉयलर रिकामाच आहे आणि ते भरतच राहतं. वाफेच्या नळीतून पाणी यायला लागतं.

गच्चीखाली
रसायनीताई, टँकरचं हे कुणीच सांगितलं नव्हतं. खूप आभार.

बंबवाला काका, एक शंका. शेजारच्या इमारतीत एकाने पालिकेच्या लाइनलाच पंप जोडला आहे, त्यांच्याकडे सकाळी धो धो पाणी येतं. आम्हाला तो मार्ग सुचवणारे आहेत.

बंबवाला
अजिबात नको. पालिकेच्या जलवाहिनीला थेट पंप लावणं बेकायदेशीर आहे, सापडला तर जप्त होतो. कायदा बाजूला ठेवला तरी, पंप ओढायला लागला की लाइनमध्ये उणं प्रेशर तयार होतं आणि रस्त्याखालच्या फुटक्या जोडातून गटाराचं पाणी आत खेचलं जातं. ते सगळ्या गल्लीला जातं. शिवाय टोकाच्या घरांचं पाणी पळतं. बूस्टर फक्त गच्चीच्या टाकीनंतर, तेही सोसायटीला सांगून.

गच्चीखाली
आता सांगायला आनंद होतो की काम झालं. प्रेशर टँक सिंकखाली आडवा बसला, हवा २६ पीएसआय भरली. रेग्युलेटर आणि दोन गेज नागदेवी स्ट्रीटवरून आणले, दुकानदाराने गेज लावून प्रेशर देऊन दाखवले. एक गेज टँकपाशी आणि एक रेग्युलेटरनंतर. टँकचा काटा सावकाश साडेतीनवरून उतरत जातो, रेग्युलेटरचा दीडवरून हलत नाही. शॉट चालू झाला की किंचित, काट्याच्या जाडीएवढा खाली येतो आणि तिथेच थांबतो. मशीनचा पंप ९ वर लावून घेतला. सगळ्या कॉफ्या एकाच चवीच्या. सासऱ्यांनी दांडी अर्ध्यावर धरून पहिले थेंब पडेपर्यंत थांबायचं तंत्र शिकून घेतलं आहे आणि ते आता माझ्यापेक्षा चांगला शॉट काढतात.

अजून एक गोष्ट लक्षात आली. आधीच्या माणसाने सहा-सात फूट पाव इंची आरओची नळी वापरली होती. ती काढून तीन-अष्टमांश इंचाची टाकली, तर वाहतं प्रेशर लगेच सुधारलं.

परळ_टॉवर
अभिनंदन! एक भर घालतो. शेजारी वॉशिंग मशीन असेल तर ते पाणी बंद करताना लाइनमध्ये हिसका बसतो. माझ्याकडे गेजचा काटा तेव्हा उडी मारायचा. वॉशिंग मशीनच्या नळापाशी वॉटर हॅमर अरेस्टर (हा हिसका शोषणारा छोटा भाग) लावल्यावर थांबलं.

बंबवाला
@गच्चीखाली, छान झालं. जुलैमध्ये गढूळ पाणी आलं की जाळी धुवा आणि फिल्टरच्या मागचं-पुढचं प्रेशर बघा. टँकची हवा वर्षातून दोनदा तपासा, रबरातून ती हळूहळू कमी होते. तपासताना बूस्टर बंद आणि टँक पूर्ण रिकामा हवा, नाहीतर गेज पाण्याचंच प्रेशर दाखवेल. आणि टँक भरलेला असला की तो दाबाखाली असतो, त्यामुळे कुठलाही जोड उघडण्याआधी पाणी सोडून द्या.

भाडेकरू
गणपतीला आम्ही आठवडाभर गावी जातो. तेव्हा हे सगळं असंच चालू ठेवलं तर चालेल का?

बंबवाला
नाही. बूस्टरचा स्विच बंद, कॅनपाशी किंवा अँगल कॉकपाशी लाइन बंद, मग मशीन बंद करा आणि शेवटी टँकमधलं पाणी सोडून त्याचं प्रेशर शून्यावर आणा. वेणीची नळी फुटली किंवा पुश-फिट जोड सुटला तर बंद घरात पाणी वाहत राहतं आणि खालच्यांचं छत भिजतं. ओलावा लागला की लाइन आपोआप बंद करणारा लीक सेन्सरही मिळतो, शक्य असेल तर लावा, पण गावी जाताना कॉक हातानेच बंद करा. परत आल्यावर बूस्टर चालू करून टँक भरू द्या, आधी नळीतली हवा आणि शिळं पाणी एका भांड्यात काढा, गेज स्थिर झाला की मगच मशीन लावा.

भाडेकरू
समजलं. उद्याच पंपाची चौकशी करतो.